माणसे जत्रेला का जातात?

मंडळी, फेब्रुवारी महिना लागला की आपल्या भागातल्या एस.टी. गाड्यांची काय दशा होते, हे तुम्हाला सांगायला नको. परभणीकडे जाणारी गाडी फाट्यावर येते तीच भरून येते. कंडक्टर ओरडतो, "मागं सरका, मागं सरका." मागे जागा असली तर माणूस सरकेल ना! तरी प्रत्येक फाट्यावर आणखी दहा जण चढतात. कडेवर पोर, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. सगळे चालले परभणीच्या उरुसाला.

तीन वर्षांपूर्वी मीही त्या गाडीत उभा होतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला एक खोड लागली आहे. पूर्वी मुलांना प्रश्न विचारीत असे, आता मोठ्यांना विचारतो. शेजारी एक आबा उभे होते. त्यांना विचारले, "आबा, उरुसाला कशाला चाललात?"

आबा म्हणाले, "नवस बोललो होतो. नातू आजारी होता, बरा झाला. चादर चढवायची."

हे झाले सरळ उत्तर. त्यांच्या पुढे एक तरणा गडी होता. तो म्हणाला, "मला मौत का कुआँ पाहायचाय. विहिरीत फटफटी फिरती ना, ते." हेही सरळच.

मग एका बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "काय करावं गुरुजी, पोरगी ऐकत न्हाई. तिला पाळण्यात बसायचंय." मी पाहिले, तर पोरगी असेल दीड वर्षाची. आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. मी म्हटले, "बाई, पोरगी तर बोलायलाही लागलेली दिसत नाही." तशा त्या हसायला लागल्या. मग खरे सांगितले. "माझी बहीण सेलूकडं दिलेली. मी इकडं गंगाखेडच्या अंगाला. ती तिकडून रेल्वेनं येती, मी इकडून एस.टी.नं. दरसाल उरुसात पाळण्यापाशी गाठ पडती."

मी म्हटले, "हल्ली फोन आहे की."

"फोन रोजच व्हतो. पण फोनात तिचे केस किती पिकले ते दिसतं का?"

यावर मला उत्तर सुचले नाही. मागच्या बाकावरची एक म्हातारी हे ऐकत होती. न विचारताच ती बोलली, "मला इचारा की. मी सांगते. सणाला घरी पुरण शिजवायचं, वाढायचं, भांडे घासायचे. सण कुणाचा? बाप्यांचा. उरुसाच्या दिवशी चूल न्हाई. म्हणून मी जाते."

साऱ्या गाडीतल्या बाया हसल्या. बाप्ये खिडकीबाहेर पाहू लागले.

आता हा उरूस कसला, ते थोडे सांगतो. परभणीला हजरत सय्यद शाह तुराबुल हक साहेबांचा दर्गा आहे. त्यांच्या नावाने दरसाल हा उरूस भरतो. संदल निघतो, चादरी चढतात, पुढे कित्येक दिवस बाजार चालतो. दर्शनाच्या रांगेत हिंदू किती आणि मुसलमान किती, हे कोणी मोजत नाही. टोपीवाले असतात, फेटेवाले असतात, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया असतात.

यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालते. ते आपल्या इंग्रजी वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असते. म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी पावसाळ्यात, कधी थंडीत. हिंदू पंचांगही चंद्रावरच चालते, पण त्यात साधारण तिसऱ्या वर्षी अधिक महिना घालतात. म्हणून पोळा पावसाळ्यातच राहतो, दिवाळी पावसाळा सरल्यावरच येते. परभणीचा उरूस मात्र इंग्रजी महिन्याने धरला आहे. दरसाल फेब्रुवारीच्या सुरुवातीला तो येतो.

फेब्रुवारीत आपल्या शेतात काय असते? कापूस वेचून झालेला असतो. तुरी झोडून झालेल्या असतात. हरभरा काढणीला येतो, ज्वारी दाण्यात भरलेली असते. हातात कापसाचे चार पैसे असतात आणि अंगावर कामाची फार घाई नसते. थंडी बोचेनाशी होते, ऊन अजून तापलेले नसते. अशा वेळी जत्रा भरली तर माणूस जाणारच. आता आषाढी घ्या. ती येते ऐन पेरणीच्या सुमारास. पाऊस वेळेवर झाला, पेरणी उरकली, तर दिंडीतल्या शेतकऱ्याचे पाय हलके पडतात. पाऊस लांबला तर तो पंढरीची वाट चालतो खरा, पण ढग दिसला की मान वर करतो. म्हणजे मनाला मोकळीक नसेल तर नुसते जाऊन गोडी लागत नाही.

आता परतीची गोष्ट ऐका. जाताना लोकांना विचारले, तसे येतानाही विचारायचे असे मी ठरवले होते. गोडी जाताना कळत नाही, येताना कळते.

आमच्या गावचा एक गडी येताना माझ्याजवळ बसला होता. बायको, तीन पोरे, मेहुणा, असा मोठा गोतावळा घेऊन गेला होता. पोरांच्या हातात खेळणी, डोळ्यांवर काळे चष्मे, मेहुण्याला नवा शर्ट. पण गडी गप्प. विचारले तेव्हा हळूच म्हणाला, "गुरुजी, ५००० रुपये उचलले. शेकडा ३ नं."

शेकडा ३ म्हणजे दर शंभराला महिन्याचे ३ रुपये. तुम्ही आता आकडे शिकला आहात, तर हिशेब करून पहा. पाच हजारांत शंभर किती वेळा? पन्नास वेळा. पन्नास त्रिक दीडशे. महिन्याला १५० रुपये नुसते व्याज. पुढच्या उरुसापर्यंत बारा महिने. १५० गुणिले १२, झाले १८०० रुपये. आणि मूळचे ५००० जिथल्या तिथे! मी विचारले, "कशाला काढलेस रे?" तो म्हणाला, "हिला हौस होती." त्याची बायको पुढच्या बाकावर होती. ती मागे वळून म्हणाली, "मी कवा म्हणले? शेजारचे सगळे घर नेतेत, मग आपण मागं कसं राहावं, हे ह्यांचंच." शेजाऱ्यासाठी जत्रा केली, तिचे व्याज मात्र स्वतः भरायचे. अशी जत्रा गोड कशी लागेल?

त्याच गाडीत आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एक मावशी होत्या. त्या वर्षी नुकत्याच वाचायला शिकल्या होत्या. नातवाला घेऊन त्या पाळण्यापाशी गेल्या. तिकिटाच्या पोऱ्याने माणशी ७० रुपये मागितले. मावशींनी पाटीकडे पाहिले. पाटीवर लिहिले होते, ५० रुपये. मावशी म्हणाल्या, "पाटीवर पन्नास लिवलंय की रे बाबा." पोऱ्याने मुकाट्याने पन्नास घेतले. उरुसात मावशींनी आणखी काय पाहिले, ते मला आजवर कळले नाही. परतीच्या वाटेवर त्यांनी पाटीचीच गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा तीच सांगितली. पाळण्यात बसून नातवाला मजा आली असेल, पण मावशींना त्याहून जास्त आली.

आणि ती सेलूवाल्या बहिणीची बहीण? ती परतताना झोपेला आली होती. तिने दिवसभरात काय पाहिले? काही नाही! दोघी बहिणी एका झाडाखाली बसल्या, भाकरी सोडली, एकीने दुसरीचा ठेचा खाल्ला आणि दिवस मावळला. "पाळण्यात बसलात का?" मी विचारले. "न्हाई बाई, राहूनच गेलं," असे ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

यावरून कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही जत्रेतली दुकाने बंदच करायला सांगता की काय! तसे नाही. जिलेबी मलाही आवडते. पण दुकाने नसली तरी जत्रा भरते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. विहिरी आटल्या, गुरे विकली गेली, निम्मे गाव खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. मुलांना सुकडी मिळायची. आमच्या गावी चंपाषष्ठीला खंडोबाची जत्रा असते. त्या साली चावडीवर बैठक बसली. काही म्हणाले, यंदा जत्रा नको, देवाला दाखवायलाही घरात काही नाही. एक म्हातारे म्हणाले, "देवाला ठावं हाय आपल्याकडं काय हाय ते. जत्रा करा." जत्रा झाली. एकही दुकान आले नाही, कारण दुकानदार शहाणे असतात. रेवडी नाही, फुगा नाही. कुस्त्या झाल्या, त्या सगळ्या नारळाच्या. जिंकणाऱ्याला नारळ, तो तिथेच फोडून सगळ्यांना खोबरे. पण दूरदूरच्या कामावर गेलेली माणसे त्या एका दिवसासाठी पायी चालत गावी आली. बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. कोण कुठे आहे, कोणाचे कसे चालले आहे, जनावर कोणाचे वाचले, हे सगळ्यांना त्या दिवशी कळले. पोटभर जेवण कोणालाच मिळाले नाही. तरी माझी आई पुढे कितीतरी वर्षे 'ती जत्रा' म्हणायची, ती हीच.

आता दुसऱ्या तऱ्हेचा उत्सव पाहू. तो देवाचा नाही, देशाचा आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला भारत स्वतंत्र झाला. गावोगाव झेंडे लागले. पण आपल्या मराठवाड्यात लागले नाहीत. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि निजाम भारतात सामील व्हायला तयार नव्हता. तिरंगा लावणे हा गुन्हा होता. लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ यांना त्याच १५ ऑगस्टला अटक झाली. पुढे रझाकारांनी गावोगाव जुलूम केला. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. बाकीच्या देशाला जो दिवस मिळाला, त्यासाठी मराठवाड्याने आणखी तेरा महिने वाट पाहिली. म्हणून आपण झेंडा १५ ऑगस्टलाही लावतो आणि १७ सप्टेंबरलाही.

माझे वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. ते सांगत, बातमी गावात आली तेव्हा बोलावणे कोणी केले नाही, दवंडी पिटली नाही. माणसे आपोआप चावडीपुढे जमली. भाषण करायला कोणी नव्हते. कोणी तरी गूळ आणला, तो वाटला. लोक नुसते उभे होते, घरी जायला कोणी तयार नव्हते. वडील म्हणत, "एवढे लोक मी कधी गप्प उभे राहिलेले पाहिले नाहीत, आणि एवढे खूश असलेलेही नाहीत."

पण वडील आणखी एक गोष्ट सांगत, आणि ती गाळली तर ही गोष्ट अर्धी राहील. आमच्या आळीतले एक घर त्या दिवशी बंद होते. घर मुसलमानाचे. त्या घरातला मुलगा वडिलांचा जोडीदार, दोघे मिळून गुरे राखीत. रझाकारांच्या जुलमात त्या घराचा हात नव्हता, हे सारे गाव जाणत होते. पण ते दिवस वाईट होते. जुलमाचा सूड कित्येक ठिकाणी निरपराध माणसांवर उगवला गेला, लोक मारले गेले. ते घर भ्यालेले होते. वडील गुळाचा खडा घेऊन त्या दाराशी गेले. दार उघडले नाही. खिडकी थोडी किलकिली झाली, एक हात बाहेर आला, गूळ घेतला, आणि खिडकी मिटली.

पुढे वडील आणि त्यांचा तो जोडीदार म्हातारे होईपर्यंत दरसाल बरोबर उरुसाला जात. गुळाची गोष्ट दोघांनी आपसात कधी काढली नाही, असे वडील म्हणत.

आता माझी चूक सांगतो. मी मुख्याध्यापक असताना १७ सप्टेंबरच्या झेंड्यासाठी एका पाहुण्यांना बोलावले. वेळ सकाळी आठची. मुले सात वाजताच ओळीत उभी केली. पाहुणे आले साडेदहाला. भादव्याचे ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. सहावीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. तिला सावलीत नेले, पाणी दिले, आणि बाकीच्या मुलांना मी पुन्हा सांगितले, "सरळ उभे राहा." मग पाहुणे बोलले, हार झाले, मुलांना एकेक गोळी वाटली. गावातले कोणी आले नव्हते. मी रागावून म्हणालो, लोकांना देशाची कदर नाही.

संध्याकाळी घरी माझ्या मुलीला विचारले, "आज शाळेत काय होते?" ती माझ्याच शाळेत होती. ती म्हणाली, "आज पाहुणे होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बापाने मला जी गोष्ट शंभर वेळा सांगितली, ती मी मुलांना एकदाही सांगितली नव्हती.

पुढच्या साली पाहुणे बोलावले नाहीत. मुलांना आधी आठ दिवस सांगितले, घरी आजा असेल, आजी असेल, त्यांना विचारा, निजामाच्या राज्यात काय झाले. ऐकाल ते लिहून आणा. झेंडा ठीक आठ वाजता लागला. मग एकेक मूल उठून वाचू लागले. एकाचा आजा रझाकारांच्या भीतीने दोन रात्री ज्वारीच्या शेतात लपला होता. एका मुलीच्या पणजीने दागिने उकिरड्यात पुरले होते. एक मुलगा वाचत होता, की धाडीत आमची म्हैस नेली. तोच कुंपणाबाहेरून त्याची आजी ओरडली, "म्हैस न्हवती रे, गाय व्हती! कपिली गाय!"

तेव्हा मी वर पाहिले, तर कुंपणाच्या भिंतीला लागून सारे गाव उभे. कोणाला निमंत्रण नव्हते. पण माझ्या घरची गोष्ट माझा नातू वाचणार, हे प्रत्येकाला ठाऊक होते. मुलांना मी सावलीत बसवले होते. कार्यक्रम दोन तास चालला आणि कोणी हलले नाही. आदल्या साली मी ज्यांना नावे ठेवली, तीच ही माणसे.

याची उलटी गोष्ट पोळ्याला दिसते. पोळ्याला तर प्रत्येकाचा हात असतो. आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळायचे, दुसऱ्या दिवशी धुवायचे, शिंगे रंगवायची, झूल घालायची. एवढे सगळे गोड होते, आणि तोरणाखाली 'मान कोणाचा, पहिली जोडी कोणाची' यावर काठ्या निघतात. बैल बिचारे शांत असतात. हल्ली ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, मानाचे भांडण मात्र कमी झाले नाही. याच्यावर मी जास्त लिहीत नाही, गावात राहायचे आहे.

पुन्हा उरुसाकडे येतो. गेल्या साली आमच्या गावचे एक आप्पा माझ्याबरोबर होते. त्यांची बायको वारून दीड वर्ष झाले होते. जाताना मी त्यांना नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विचारावे असे वाटले नाही.

दर्शन झाले. मी म्हटले, "आप्पा, चहा घेऊ." ते म्हणाले, "थांबा, एके ठिकाणी जायचं." ते मला बांगड्यांच्या आळीत घेऊन गेले. सात-आठ दुकाने सोडून एका दुकानापुढे उभे राहिले. दुकानात एक म्हातारी कासारीण बसली होती. तिने आप्पांकडे पाहिले, मग त्यांच्या मागे पाहिले, आणि विचारले, "दादा, वैनी कुठं? औंदा आल्या न्हाईत?"

आप्पांनी सांगितले. कासारीण हातातल्या बांगड्या खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "हिरव्याशिवाय घेत नसत. भाव लई करत."

"लई करायची," आप्पा म्हणाले.

चहा पिताना ते आपणहूनच बोलले, "गुरुजी, गावात आता तिचं नाव कोणी काढीत न्हाई. मला वाईट वाटंल म्हणून काढीत नसतील. हिनं काढलं." मग थोडे थांबून म्हणाले, "सुनेसाठी घ्यायच्या राहिल्या."

आम्ही पुन्हा त्या दुकानी गेलो. आप्पांना सुनेचे माप ठाऊक नव्हते. कासारणीने त्यांना विचारले, सून अंगाने कशी आहे, हात कामाचा आहे का, आणि अंदाजाने एक डझन हिरव्या बांगड्या काढून दिल्या. आप्पांनी भाव केला नाही. बांगड्या रुमालात बांधल्या, आणि आम्ही संध्याकाळची गाडी गाठली.